बोललेला शब्द परत घेता येतो तेव्हा

अर्धविराम (धागाकर्ती)

सुरुवातीलाच सांगते, या धाग्यात काही कथाप्रधान गेममधले कळीचे प्रसंग उघडपणे चर्चिले जातील. ज्यांना ते गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी आपापल्या जबाबदारीवर पुढे वाचावे.

गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी मी 'द वॉकिंग डेड'चा पहिला सीझन पुन्हा काढला. टेलटेल गेम्सने २०१२ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पाच भागांत आणलेला हा गेम इथल्या अनेकांना ठाऊक असेल. त्यात नेमबाजी नावालाच आहे, खरा खेळ बोलण्याचा आहे. खुनाबद्दल शिक्षा झालेला ली एव्हरेट पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे नेला जात असतानाच उठून माणसांवर तुटून पडणाऱ्या मृतांचा उच्छाद सुरू होतो, गाडीला अपघात होतो, आणि थोड्याच वेळात क्लेमेंटाइन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. समोरचा माणूस काही विचारतो, पडद्याच्या तळाशी उत्तरे उमटतात, वेळेची पट्टी आकसू लागते, आणि ती संपेपर्यंत काहीच निवडले नाही तर ली गप्प राहिला असे धरले जाते.

पहिल्या भागात हर्शेल नावाच्या शेतकऱ्याच्या घरी हे सगळे आसरा घेतात. तिथे माझ्या हातून दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींसाठी मी मागे गेले. हर्शेलने लीला तो इथवर कसा पोहोचला असे विचारले तेव्हा पट्टी संपत आली म्हणून घाबरून मी खोटे उत्तर निवडले. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आले आणि पुढे त्याने ते बोलूनही दाखवले. दुसरा प्रसंग ट्रॅक्टरचा. हर्शेलचा मुलगा शॉन ट्रॅक्टरखाली पाय अडकून पडला आहे, तिथेच आसरा घेतलेल्या केनीचा लहान मुलगा डक जवळच आहे, आणि मृतांचे हात दोघांपर्यंत पोहोचत आहेत. मी डककडे धावले आणि शॉन मेला. हर्शेलचा आक्रोश ऐकवेना, म्हणून मुख्य मेनूतून रिवाइंड करून तोच प्रसंग पुन्हा खेळले आणि या वेळी शॉनकडे धावले. शॉन तरीही मेला. हर्शेलने दोन्ही वेळा सगळ्यांना शेतावरून हाकलले. फरक पडला तो एवढाच, की पहिल्या वेळी केनी माझा ऋणी झाला होता आणि दुसऱ्या वेळी त्याच्या मनात अढी बसली.

या दोन पश्चात्तापांची जात वेगळी आहे असे मला त्यानंतर वाटू लागले. ट्रॅक्टरपाशी मला परिणामाचा पश्चात्ताप झाला होता आणि मागे जाऊन माझ्या हाती काही लागले नाही, उलट जे लागायला नको होते ते लागले. लेखकांनी शॉनचे मरण आधीच ठरवून ठेवले आहे हे मला कळले, आणि त्यानंतर गेममधल्या प्रत्येक पेचाकडे मी 'यातले खरे किती आणि देखावा किती' अशा संशयाने पाहू लागले. हर्शेलच्या प्रश्नापाशी मात्र मला शब्दांचा पश्चात्ताप झाला होता. मी ज्या लीची कल्पना केली होती, तो आसरा देणाऱ्याशी पहिल्याच भेटीत खोटे बोलला नसता. मी मागे जाऊन खरे सांगितले, कथानक तसूभरही हलले नाही, तरीही मन स्वस्थ झाले.

तेव्हा माझे म्हणणे असे, की परिणाम आवडला नाही म्हणून मागे जाऊ नये, पण तोंडून निघालेले वाक्य आपल्या पात्राचे नव्हते असे वाटले तर खुशाल जावे. हा नियम कितपत टिकतो ते मला इथल्या मंडळींकडून तपासून घ्यायचे आहे.

गोदाकाठ

नियमाचा दुसरा भाग मला मान्य आहे आणि त्याला मी एक पुरवणी जोडतो. पुष्कळदा वाक्य आपल्या पात्राचे नसतेच, कारण आपण निवडले एक आणि पात्र बोलले भलतेच. 'मास इफेक्ट'ने २००७ मध्ये संवादाचे चक्र आणले, त्यात पूर्ण वाक्याऐवजी त्याचा तीन-चार शब्दांतला सारांश दिसतो. चक्राच्या उजवीकडे वर सौजन्याचे उत्तर, खाली उर्मट उत्तर, आणि डावीकडे अधिक चौकशी, हे एकदा अंगवळणी पडले की हात आपोआप चालतो. पण सारांश आणि प्रत्यक्ष वाक्य यांत अनेकदा इतके अंतर पडते, की सौम्य आक्षेप घ्यायला गेलेला खेळाडू समोरच्याला दम देऊन बसतो.

याचा कळस म्हणजे २०११ चा 'एल. ए. न्वार'. साक्षीदाराच्या प्रत्येक उत्तरावर 'खरे', 'शंका' आणि 'खोटे' असे तीनच पर्याय होते. 'शंका' निवडताना माझ्या मनात भुवई उंचावण्याइतकीच शंका असे, आणि डिटेक्टिव्ह कोल फेल्प्स मात्र शोकात बुडालेल्या बाईवर खेकसत असे. गंमत अशी, की 'खोटे' निवडल्यावर पुरावा पुढे करण्याआधी आरोप मागे घेण्याची सोय होती, 'शंका'ला तशी कोणतीही सोय नव्हती. २०१७ मध्ये हा गेम नव्याने आला तेव्हा हे पर्याय बदलून 'चांगला पोलीस', 'वाईट पोलीस' आणि 'आरोप' असे करण्यात आले. मूळ नावे दिशाभूल करणारी होती याची यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती असणार? अशा ठिकाणी मी जुनी सेव्ह, म्हणजे गेमची आधी जतन केलेली स्थिती, उघडतो ती मुद्रितशोधकाच्या वृत्तीने. छापताना चूक झाली, ती दुरुस्त केली, यात पश्चात्तापाचा संबंधच नाही.

रातकिडा

गोदाकाठ यांनी सारांशाबद्दल लिहिले, मी वेळेबद्दल आणि भाषेबद्दल लिहितो, कारण या दोन्हींचा आपल्यासारख्यांना वेगळाच जाच होतो.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. मी इंग्रजी व्यवस्थित वाचतो, पण पट्टी आकसत असताना चार इंग्रजी उत्तरे वाचून, त्यांतला सूर ओळखून एक निवडणे ही निराळी परीक्षा आहे. उपरोध तर हमखास निसटतो. वरवर स्तुतीसारखे दिसणारे वाक्य कुत्सितपणे म्हटले जाणार आहे हे छापील अक्षरांवरून कळत नाही, आणि पात्राने तोंड उघडल्यावर आपण कपाळाला हात लावतो. मी 'द वॉकिंग डेड' पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझा ली इतक्या वेळा गप्प बसला, की तो मितभाषी आहे असे समजून मी पुढे त्याला जाणीवपूर्वक तसाच खेळवला. नंतर लक्षात आले की हा स्वभाव लीचा नव्हताच, माझ्या वाचनाच्या वेगाचा होता.

त्यामुळे धागाकर्तीच्या नियमाला माझा पाठिंबा आहे, मात्र एका अटीवर. मौनाचाही त्यात समावेश व्हावा. न बोलल्याचा पश्चात्तापसुद्धा शब्दांचाच पश्चात्ताप आहे.

काठावरचा

मी व्यावसायिक गेमनिर्माता नाही, पण 'ट्वाइन' हे मोफत साधन वापरून मराठीत दोन छोट्या संवादकथा रचल्या आहेत. त्या अनुभवावरून शॉन दोन्ही वेळा का मरतो याविषयी चार शब्द लिहितो.

कथेत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक निवडीची वाट खरोखर वेगळी नेली, तर शेवटी १०२४ वाटा होतात. प्रत्येक वाटेसाठी संवाद लिहायचे, नटांकडून बोलून घ्यायचे, हालचाली घडवायच्या, आणि त्यांतल्या बहुतेक वाटा एखाद्या खेळाडूला आयुष्यात दिसणारही नाहीत. म्हणून वाटा थोड्या फाकवतात आणि पुन्हा एकत्र आणतात. वाट एकत्र आली तरी निवड पुसली जात नाही, तिची नोंद एका चिमुकल्या फ्लॅगमध्ये राहते. डकला वाचवले, होय किंवा नाही. हर्शेलशी खोटे बोलला, होय किंवा नाही. नंतर कुठेतरी एखादे पात्र बोलताना तो फ्लॅग तपासला जातो आणि वाक्य बदलते. पहिल्या भागाच्या अखेरीस डग आणि कार्ली या गटातल्या दोघांपैकी एकालाच वाचवता येते आणि जे वाचते तेही तिसऱ्या भागात गटातल्याच लिलीच्या गोळीने जाते. कथानकाचा हिशेब शून्यावर येतो. पण मधल्या काळात कोणाशी बोललो, कोणाच्या मृत्यूने हळहळलो, हे दोन खेळाडूंच्या बाबतीत वेगळे राहते.

शेवटच्या भागातला तो अनोळखी माणूस आठवून पाहा. दुसऱ्या भागाच्या अखेरीस बेवारस वाटलेल्या गाडीतले अन्न आपल्या गटाने उचललेले असते आणि ही गाडी त्याचीच निघते. तो लीला समोर बसवून त्याने आजवर काय काय केले याचा जाब विचारतो. तिथे गेम दुसरे काही करत नाही, पाच भागांत साठलेले फ्लॅग एका माणसाच्या तोंडून वाचून दाखवतो. म्हणून शॉन मेलाच ना, मग निवडीला अर्थ काय, हा प्रश्न मला थोडा अन्यायाचा वाटतो. केनीच्या मनातली अढी हाच तिथला परिणाम होता. चौथ्या भागाच्या शेवटी क्लेमेंटाइनला शोधायला तो तुमच्याबरोबर येतो की नाही, हे अशाच साठलेल्या गोष्टींवर ठरते.

थोडे अवांतर. मराठीत संवादकथा लिहिताना माझ्या असे ध्यानात आले, की पर्याय देण्यासाठी मला वाक्येसुद्धा बदलावी लागत नाहीत. दारात आलेल्या वयस्क माणसाला 'बसा' म्हणायचे की 'बस', एवढ्या एका कान्याच्या फरकावर पुढची सगळी भेट फिरवता येते. माझी कथा वाचणाऱ्या मित्रांपैकी दोघांनी 'बस' निवडले आणि लगेच मागे जाऊन 'बसा' केले. त्यांना कोणीही रागावले नव्हते.

अर्धविराम (धागाकर्ती)

काठावरचा, तुमचा आक्षेप रास्त आहे. मी कथानकाचा परिणाम मोजला आणि संबंधाचा मोजला नाही. मात्र माझी अडचण पुरती सुटलेली नाही, कारण केनीची अढी मला दिसली ती दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहिल्यामुळे. एकदाच खेळणाऱ्याला तो स्वभावतःच तिरसट वाटला असता. मागे गेले म्हणूनच मला बारकावा कळला आणि मागे गेले म्हणूनच देखावाही कळला. तुमच्या 'बसा' आणि 'बस'विषयी सवडीने लिहीन, ते डोक्यातून जात नाही.

सोंगटी

मी जरा विरोधी सूर लावतो. मला सेव्ह-स्कमिंग, म्हणजे मनासारखे घडेपर्यंत तीच सेव्ह पुनःपुन्हा उघडणे, हे अप्रामाणिकपणाचे वाटते. अप्रामाणिकपणा दुसऱ्या कोणाशी नाही, एकट्याने खेळायच्या गेममध्ये फसवायला दुसरे असते कोण? तो स्वतःच्याच उत्सुकतेशी आहे.

'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) घ्या. कोणाला पटवायचे, दटावायचे किंवा फसवायचे असेल तर पडद्यावर वीस बाजूंचा फासा घरंगळतो आणि १ पडला तर तुमचे कौशल्य कितीही असो, डाव फसतोच. निर्मात्यांनी प्रेरणेचे गुण ठेवले आहेत, एका वेळी चारपर्यंत साठतात, ते खर्चून फासा पुन्हा टाकता येतो. म्हणजे पश्चात्तापाची मापून दिलेली शिदोरी तुमच्याकडे आधीच आहे. तरीही आपली बोटे सेव्ह करण्याच्या आणि ती उघडण्याच्या एफ-५ आणि एफ-८ या दोन कळांवरून हलत नाहीत. मी स्वतः सुरुवातीचे तीस तास असेच घालवले. सगळे फासे माझ्या बाजूने पडले आणि त्या तीस तासांतले आज मला काहीही आठवत नाही. पुढे ऑनर मोड आला, त्यात एकच सेव्ह असते आणि फसलेला फासा फसलेलाच राहतो. त्या वेळच्या माझ्या फजित्या मी अजून मित्रांना सांगत असतो.

'डिस्को एलिझियम'ने (२०१९) तर अपयशच चविष्ट करून ठेवले. त्यातही सहा बाजूंचे दोन फासे पडतात. पांढऱ्या चाचण्या फसल्या तर त्या कौशल्यात गुण वाढवून पुन्हा करता येतात, लाल चाचणी एकदाच. हॉटेलचे बिल चुकवून पळण्याचा प्रयत्न फसला, तर आपला पोलीस अधिकारी उलट्या दिशेने झेप घेत व्हीलचेअरवर बसलेल्या एका वृद्ध बाईंवर जाऊन आदळतो. हे यशस्वी होणाऱ्याला कधी दिसतच नाही. जुनी सेव्ह उघडून जो त्या पळण्यात यशस्वी झाला, त्याने गेममधला एक उत्तम विनोद स्वतःच्या हाताने खोडला.

गोदाकाठ

सोंगटी, फाशाने फसणे आणि शब्दाने चुकणे यांची तुम्ही गल्लत करत आहात. फाशाचा दोष मला लागत नाही, म्हणून त्याची फजिती मी हसत सांगू शकतो. पण फासा न टाकता, पूर्ण शुद्धीत, मी एखाद्या पात्राला टोचून बोललो असेन, तर त्याचा किस्सा होत नाही.

सोंगटी

मान्य, ही कोटी वेगळी आहे. तरीही शब्दाने चुकल्यावर गेममध्येच क्षमा मागण्याची संधी बहुतेक वेळा मिळते आणि ती शोधण्याआधीच आपण सेव्ह उघडतो, एवढे माझे म्हणणे शिल्लक राहतेच.

निंबोणी

मागे जाणे ही गेमबाहेरची गोष्ट आहे असे सगळेच गृहीत धरून चालले आहेत. 'अंडरटेल'ने (२०१५) ते गृहीतकच काढून घेतले.

सुरुवातीला टोरिएल नावाची मायाळू, बोकडासारखी दिसणारी बाई आपल्याला घरी नेते, जेवू घालते आणि बाहेरच्या धोकादायक जगात जाऊ देत नाही. शेवटी ती वाट अडवून उभी राहते. सुटकेचा एक मार्ग लढण्याचा आहे. दुसरा म्हणजे लढण्यास चिकाटीने नकार देत राहणे, जो पहिल्या खेपेस बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, कारण दोन-तीनदा नकार देऊनही काही बदललेले दिसत नाही. माझ्या हातून ती मेली. मला इतके वाईट वाटले की मी ताबडतोब सेव्ह उघडली, पुन्हा तिच्यासमोर उभी राहिले आणि या वेळी तिला सोडून दिले. हलक्या मनाने पुढच्या खोलीत गेले, तर तिथे फ्लावी हे फूल माझी वाट पाहत होते. मी आधी तिला मारले, मग पश्चात्ताप झाला म्हणून परत जाऊन तिला वाचवले, हे त्याने मला जसेच्या तसे सांगितले आणि खदाखदा हसले.

मी कन्ट्रोलर खाली ठेवला. आजवर हजारो वेळा सेव्ह उघडली असेल, पण ते करताना मला कोणी पाहते आहे असे कधी वाटले नव्हते.

त्याच गेममध्ये याचा एक हळुवार नमुनाही आहे. टोरिएल तुम्हाला दालचिनी आवडते की बटरस्कॉच ते विचारते. उत्तर देऊन तुम्ही सेव्ह मागे नेलीत तर दुसऱ्या खेपेस ती तुमची आवड स्वतःच ओळखते आणि मला तसे वाटलेच होते, असे म्हणते. गेममधल्या त्या जगात मागे जाणे ही तुमच्या पात्राची शक्ती आहे आणि त्या शक्तीचेही ओरखडे राहतात. सगळ्यांना ठार मारण्याची वाट शेवटपर्यंत नेलीत, तर नंतर कितीही सज्जनपणे खेळलात तरी गोड शेवटाला लागलेला डाग निघत नाही.

धागाकर्तीला प्रश्न असा, की टोरिएलबाबत माझा पश्चात्ताप परिणामाचा होता की शब्दांचा? मी तिला मारले ते माझ्या पात्राला तसे वाटले म्हणून नाही. दुसरा मार्ग आहे हेच मला माहीत नव्हते.

अर्धविराम (धागाकर्ती)

याचे उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी माझ्या दोन खान्यांना तिसरा खाना जोडावा लागतो आहे, अज्ञानाचा. पुढे चालू द्या.

अकरानंतरची

मग त्या तिसऱ्या खान्यात माझाही एक प्रसंग घाला. मी रात्री अकरानंतर, मुले झोपल्यावर खेळते. आठवड्याला फार तर तीन तास मिळतात. 'द विचर ३' (२०१५) पुरा करायला मला दीड वर्ष लागले.

कथेच्या उत्तरार्धात केअर मोरेन या किल्ल्यावरच्या लढाईत वृद्ध गुरू वेसेमिर जातो आणि नायक गेरल्टने मुलीसारखी वाढवलेली सिरी खचते. गेरल्टपुढे दोन उत्तरे येतात. एकाचा आशय असा, की शांत हो, प्रत्येक गोष्ट आपल्यालाच जमली पाहिजे असे काही नसते. दुसऱ्याचा आशय असा, की तुझे मन हलके कसे करायचे ते मला ठाऊक आहे. पहिले उत्तर मला समजूतदार वाटले. मी माझ्या मुलीला परीक्षेच्या आदल्या दिवशी नेमके हेच सांगते. ते निवडल्यावर दोघे पीत बसतात. दुसरे निवडले असते तर दोघांनी बर्फाचे गोळे फेकत दंगा केला असता. गेमच्या मते माझे उत्तर चुकीचे होते आणि असे आणखी दोन-तीन प्रसंग माझ्या बाजूने चुकीचे पडले. चेटकिणींच्या मंडळापुढे सिरी एकटी जाऊ पाहत होती, मी काळजीपोटी तिच्याबरोबर गेले, तेही चुकले. तिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. शेवटी सिरी परत आली नाही.

पण हे सगळे मला कळले ते कित्येक तासांनी, म्हणजे माझ्या हिशेबाने दोन-तीन महिन्यांनी. कोणत्या सेव्हकडे जाणार? जाणे शक्य असते तरी तेवढ्या रात्री पुन्हा कुठून आणायच्या? मी दुसरा शेवट यूट्यूबवर पाहिला. त्यात सिरी हसत होती आणि मला ती कोणा दुसऱ्याची मुलगी वाटली.

या प्रसंगात शब्द पूर्णपणे माझे होते, हेतू चांगला होता, अर्थाची गफलत नव्हती, आणि परिणाम मात्र वाईट झाला. नियमानुसार मी मागे जायचे नव्हते आणि मी गेलेही नाही. तरीसुद्धा मुलीच्या पुढच्या परीक्षेच्या वेळी ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडता पडता थांबले, एवढे नोंदवते.

पेनड्राइव्ह

एक छोटी कबुली. 'अनटिल डॉन'मध्ये फक्त ऑटोसेव्ह आहे, निवड केली की ती कोरलीच जाते. मी प्रत्येक प्रकरणाआधी गेममधून बाहेर पडून प्लेस्टेशनवरची सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवत असे. आठही मुले जिवंत राहिली. गेमने शेवटी कौतुकाची ट्रॉफी दिली, आणि त्या रात्री मी एक भयकथा खेळलो नव्हतो, तर परीक्षेतल्या रिकाम्या जागा भरल्या होत्या, असे माझ्या ध्यानात आले. सदस्यनाम तेव्हापासून हेच आहे.

मोगरा

सगळे प्रतिसाद वाचले. मागे जाण्याची सोय ज्या गेमने कथेच्या केंद्रस्थानीच ठेवली, त्या 'लाइफ इज स्ट्रेंज'चा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही, याचे नवल वाटते. एक विनंती आधी करते. पुढच्या मजकुरात एका मुलीच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख आहे, ज्यांना तो विषय नको असेल त्यांनी हा प्रतिसाद वगळावा.

डोन्टनॉड या फ्रेंच कंपनीचा हा गेम २०१५ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत पाच भागांत आला. ओरेगॉनमधल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात शिकणाऱ्या मॅक्स कॉलफील्डला काळ थोडासा मागे नेता येतो. कोणाशी बोलताना चुकलो तर तिथल्या तिथे मागे जावे, समोरच्याने आत्ताच पुरवलेली माहिती त्यालाच ऐकवावी आणि त्याचा विश्वास मिळवावा, हाच खेळ आहे. सेव्ह उघडण्याची लबाडी इथे नायिकाच करते.

यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट फार साधी आहे. मोठी निवड झाली की मॅक्स मनाशी बोलते आणि तुम्ही काहीही निवडलेले असो, तिला शंका येते. सुरक्षा अधिकारी डेव्हिड मॅक्सबरोबर शिकणाऱ्या केटला सतावत असताना मध्ये पडलात, तर आता तो आपल्या मागे लागेल ही चिंता. लपून फोटो काढलात, तर केटला एकटे सोडल्याची टोचणी. मी पहिल्या खेपेस हे ऐकून मागे गेले, दुसरे निवडले, पुन्हा टोचणी ऐकली, पुन्हा मागे गेले. तिसऱ्या फेरीत उमगले, की टोचणी निवडीला लागलेली नसून निवडण्यालाच लागलेली आहे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी हीच केट वसतिगृहाच्या छतावर उभी असते आणि मॅक्सची शक्ती नेमकी तिथे संपते. काळ मागे जात नाही. आता तिच्याशी बोलायचे आहे, एकदाच. फोटो काढला होता की मध्ये पडलो होतो, न्याहारी करताना तिचा फोन आला तेव्हा उचलला होता की नाही, तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिला कोण जवळचे आहे हे डोळे उघडे ठेवून पाहिले होते का, हे सगळे तिथे मोजले जाते. मी फोन उचलला नव्हता. मी तेव्हा मॅक्सची मैत्रीण क्लोई हिच्याबरोबर होते आणि मला वाटले, नंतर करू.

अर्थात मेनूतून तो भाग पुन्हा सुरू करता येतोच आणि मी केला. फोन उचलला. केट वाचली. मला बरे वाटले हे नाकारणार नाही. पण धागाकर्तीने सुचवलेले तिन्ही खाने मला इथे लागू करता येत नाहीत. माझा पश्चात्ताप मी काय बोलले याचा नव्हता आणि शेवटी काय झाले याचाही पूर्णपणे नव्हता. फोन वाजत होता आणि मी तो क्षुल्लक मानला, याचा होता. दुसऱ्या खेपेस फोन उचलणारी मी वेगळी कुठे होते? मला फक्त पुढचे माहीत होते.

रातकिडा

मोगरा, 'नंतर करू' हे वाक्य वाचून थांबलो. वर मी मौनाची पुरवणी जोडली होती, तिच्यात मला हेच म्हणायचे होते, तेव्हा नीट सुचले नव्हते.

काठावरचा

निर्मात्याच्या बाजूने एकच निरीक्षण. हे गेम मागे जाण्याला आळा घालतात तो बंदी घालून क्वचितच. निवड आणि परिणाम यांच्यात ते अंतर ठेवतात. परिणाम लगेच दिसला तर प्रत्येक जण सेव्ह उघडतो, तीन तासांनी दिसला तर थोडे जण, आणि अकरानंतरची यांच्यासारखा महिन्यांनी दिसला तर जवळजवळ कोणीच नाही. 'द वॉकिंग डेड'चे भाग महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने येत असत. पहिल्या भागात केलेले बोलणे निस्तरायची वेळ येईपर्यंत ते खेळाडूच्या आठवणीत मुरलेले असे. आज आपण पाचही भाग एका आठवड्यात संपवतो, त्यामुळे तेव्हाच्या खेळाडूंपेक्षा आपण जास्त वेळा मागे जातो, असा माझा अंदाज आहे.

गोदाकाठ

याला उलटे उदाहरण 'डेट्रॉइट: बिकम ह्युमन'चे (२०१८). प्रकरण संपताच तो सगळ्या वाटांचा नकाशाच पुढे धरतो. न घेतलेल्या वाटांचे कुलूपबंद चौकोन आणि जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी काय केले याचे आकडे त्यात दिसतात. मला ज्या निवडीचे काहीच वाटले नव्हते, तिच्याविषयीही त्या कुलपांनी पश्चात्ताप उत्पन्न केला. अल्पमतात असलो की जरा जास्तच.

अर्धविराम (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. नियम टिकला नाही, हे मोकळेपणाने मान्य करते. त्यातले जेवढे शिल्लक आहे ते गोदाकाठ यांच्या मुद्रितशोधनापुरते. तेवढ्यासाठी मी यापुढेही निःसंकोच मागे जाईन.

परवा मावशी मुक्कामाला आली होती. तिने आयुष्यात कन्ट्रोलर हातात धरलेला नाही. मी तिला शेजारी बसवून पहिला भाग लावला. ठरले असे, की निवडी तिने करायच्या आणि बटणे मी दाबायची. हर्शेलने तो प्रश्न विचारला, मी चारही उत्तरांचा अर्थ मराठीत सांगेपर्यंत पट्टी संपली आणि ली गप्प राहिला. मी रिवाइंड करते म्हणाले. मावशी म्हणाली, "कशाला? अनोळखी माणसाच्या दारात पहिल्याच दिवशी सगळं कुठे सांगत बसायचं? बरोबरच केलंन त्याने." रातकिडा यांची आठवण झाली.

ट्रॅक्टरपाशी मी भाषांतर आटोपते घेतले, तरी तिला त्याची गरज लागली नाही. "लहान आहे तो, त्याला आधी," एवढेच म्हणाली. शॉन मेला. हर्शेल ओरडला, सगळे निघाले. त्याला वाचवता आले असते का, हा प्रश्न आता येणार म्हणून मी तयारीत बसले होते. उत्तर द्यायचे की नाही, हे माझे ठरत नव्हते. मावशी बराच वेळ पडद्याकडे पाहत होती.

"आता त्या एवढ्याशा मुलीला घेऊन हा जाणार कुठे?" तिने विचारले.

मेकनला, असे मी सांगितले. औषधांच्या दुकानातला प्रसंग शनिवारी खेळणार आहोत.